डाव्या खांद्याची रायफल

त्या उन्हाळ्यात मी शनिवार मोजत होतो. एकाआड एक शनिवार, अकरा ते सहा. त्याआधी तीन वर्षं फॅमिली कोर्टात माझ्या बायकोने आणि मी ज्या कागदावर सह्या केल्या, त्यात मुलगी बापाकडे कधी येणार ते असं मिनिटांनिशी लिहिलेलं होतं. जर्मन कागद, त्यात काही राहून जात नाही. फक्त मुलगी अठराची झाली की तो कागद रद्दी होणार होता, आणि ती अठराची होणार होती जुलैच्या शेवटी. त्यानंतर तिने बापाकडे यावं असं सांगणारं जगात कुणी उरणार नव्हतं. मे संपत आला होता आणि माझ्या हातात उरले होते पाच शनिवार.

तीन वर्षं ती आली. आली म्हणायचं इतकंच. जर्मनीतल्या येनाच्या स्टेशनवर गाडीतून उतरायची, माझ्या दोन खोल्यांच्या घरी येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायची आणि कानात गाणी घालायची. मी मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, तेही "जा" किंवा "न्यो", म्हणजे हो किंवा नाही. शाळा कशी आहे? जा. आई बरी आहे? जा. मला चीड यायची. माझा स्वभाव तापट आहे, हे काही मी कौतुकाने सांगत नाही. त्यापायी माझा संसार मोडला. बायको एकदा म्हणाली होती की तू घरात असलास की आम्ही दोघी भिंतीला लागून चालतो. मी त्यावरही आरडाओरडाच केला होता.

घटस्फोटानंतर बायको मुलीला घेऊन तिच्या वडिलांच्या गावी राहायला गेली. गाव डोंगरात, आजूबाजूला सगळं जंगल. माझे सासरे, म्हणजे मुलीचे आजोबा, ओपा, जन्मभर शिकारी. नात त्यांच्या मागे मागे मचाणावर जाऊन बसू लागली, आणि सोळाव्या वर्षी तिने शिकारीची परीक्षा देऊन तरुणांचा परवानाही काढला. इथे ते सगळं रीतसर असतं. प्राणी, झाडं, कायदे, कुत्री, सगळ्यांचा अभ्यास करावा लागतो. मला तिने सांगितलंच नाही. मला तिच्या आईच्या एका ओळीच्या ईमेलमधून कळलं. मी पुण्याचा, ज्या घरात अंड्याचा केकही उंबऱ्याबाहेर खायचा त्या घरातला. माझी मुलगी हरणं मारते हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. फोन करून काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यानंतर ती "जा" आणि "न्यो"च्या पुढे गेलीच नाही.

तर मे अखेरच्या त्या शनिवारी ती आली ती डोळे सुजवून. जोडे काढले नाहीत, बॅग ठेवली नाही, दारातच उभी राहून म्हणाली, "बाबा, मी त्याचा पाय उडवला."

मला आधी वाटलं कुणा माणसाचा. मग हळूहळू कळलं. आदल्या दिवशी संध्याकाळी ओपांबरोबर मचाणावर होती. कुरणात एक नर हरीण आलं. इथली हरणं लहान असतात, शेळीएवढी. अंतर फार नव्हतं, वारा नव्हता, तिने नेम धरून गोळी झाडली आणि ते हरीण तीन पायांवर जंगलात पळालं. पुढचा पाय लोंबत होता. अंधार पडल्यामुळे शोधता आलं नाही. सकाळी माग काढणारा कुत्रा आणला, आणि तीन तासांनी ते एका ओढ्याच्या काठी सापडलं. जिवंत होतं. ओपांनी संपवलं. तिथून ती तशीच स्टेशनवर आली होती.

तीन वर्षांत ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. ती रडत होती आणि मला सांगत होती, मला, तिच्या आईला नाही. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "मग जातेस कशाला मारायला? कोणी सांगितलंय? त्या मुक्या जनावराने काय घोडं मारलंय तुझं?" नेहमीच्या आवाजात म्हणालो. नेहमीचा म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जाणारा.

ती रडायची थांबली. तोंड पुसलं आणि वळली. सव्वाअकरा वाजले होते. ती जिना उतरू लागली आणि मला लख्ख कळलं की ही आता उरलेल्या शनिवारी येणार नाही, कागद गेला चुलीत. मी जिन्याच्या कठड्यावरून ओणवा होऊन ओरडलो, "थांब. मी तुला रायफल घेऊन देतो."

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही. मी जन्मात बंदुकीला हात लावलेला नाही. पण ती थांबली. खालच्या मजल्यावरून वर बघत म्हणाली, "वास?" म्हणजे काय?

"तुझी स्वतःची. वाढदिवसाला. ओपांची तुला जड होते ना?"

ते मी अंदाजाने म्हणालो होतो, पण नेमकं लागलं. ओपांची बंदूक त्यांच्या सहा फुटी देहाला साजेशी, जुनी, लांब दस्त्याची. तीच घेऊन ही शिकलेली. ओपा स्वतःच म्हणत होते की पोरीला तिच्या मापाची बंदूक हवी. ती जिना परत चढून आली. सहा वाजेपर्यंत थांबली.

रात्री मी ओपांना फोन केला. तीन वर्षांनी. जर्मनमध्ये आम्ही एकमेकांना एकेरीच बोलायचो, पण माझ्या मनात ते कायम 'अहो' होते, आणि फोनवर त्यांचा आवाज ऐकला की मी आपोआप उठून उभा राहायचो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण बंदूक तिने निवडायची. तू बरोबर जा आणि गप्प बस." आणि कायदा समजावला. अठरा पूर्ण झाल्याशिवाय बंदूक तिच्या नावावर होणार नाही. माझ्या नावावर तर कधीच नाही, कारण माझ्याकडे शिकारीचा परवाना नाही. आत्ता फक्त निवडायची आणि सांगून ठेवायची, वाढदिवसानंतर तिचा नवा परवाना दाखवून ती घेऊन जाईल. म्हणजे या सगळ्यात माझं काम खिशात हात घालण्यापुरतं. चालेल म्हटलं. मला त्या दिवसांत काहीही चाललं असतं.

गप्प बसणं मात्र मला जमणारं नव्हतं. मी इंजिनियर, भिंगांच्या कारखान्यात तपासणीला. माझं काम काय, तर भिंगाचा अक्ष मध्यापासून किती ढळलाय ते मोजायचं. केसाच्या शंभराव्या भागाएवढा ढळला तरी मी भिंग परत पाठवतो. कारखान्यात मला त्यावरून हसतात. तर दोन आठवडे मी जेवणाच्या सुट्टीत बंदुकांची माहितीपत्रकं वाचली आणि मोठा तक्ता बनवला. वजन, नळीची लांबी, दस्त्याची लांबी, खांद्याला बसणारा धक्का, कुठल्या काडतुसाला किती. छोट्या चणीच्या, पहिल्यांदाच स्वतःची बंदूक घेणाऱ्या मुलीला हलकी बंदूक बरी वाटते, पण फार हलकी घेतली तर धक्का जास्त बसतो, आणि धक्क्याची भीती बसली की माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. हे मी वाचून वाचून पाठ केलं. तीन बंदुका निवडून त्यांना खालून रेघ मारली. मला वाटलं, मुलीचा नेम का चुकला याचं उत्तर माझ्या तक्त्यात आहे.

दुसऱ्या शनिवारी आम्ही गाडीने गेलो. ओपांनी सांगितलेलं दुकान एका खेड्यात होतं. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली, मागे कारखाना. बंदुका बनवणारी आणि दुरुस्त करणारी बाई पन्नाशीची, हाताला तेल, गळ्यात चष्मा. मी तक्ता पुढे केला. तिने तो बघितला, "छान," म्हणाली आणि गल्ल्याखाली ठेवून दिला. मग मुलीला म्हणाली, "डोळे मीट. मी देते ती बंदूक खांद्याला लाव, गाल टेकव, आणि मग डोळे उघड. दुर्बिणीत मधोमध दिसतंय का ते सांग."

पहिली बंदूक. मुलीने डोळे उघडले आणि मान वाकडी केली. दुसरी. पुन्हा मान वाकडी. तिसरी ही माझी खालून रेघ मारलेली, सगळी मापं तंतोतंत, आणि पुन्हा तेच. मुलगी गाल दस्त्यावरून पलीकडे नेऊ बघत होती, मांजर दाराच्या फटीतून डोकावतं तशी. बाई बघत राहिली. मग तिने बंदूक काढून घेतली आणि म्हणाली, "दोन्ही हात पुढे कर, दोन तळव्यांमध्ये छोटी खिडकी ठेव. त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ. आता घड्याळ सुटू न देता हात हळूहळू चेहऱ्याजवळ आण."

मुलीचे हात डाव्या डोळ्यावर आले.

"पुन्हा," बाई म्हणाली. पुन्हा डाव्या डोळ्यावर. तिसऱ्यांदाही.

"तुझा नेम धरणारा डोळा डावा आहे आणि तू बंदूक उजव्या खांद्याला लावतेस," बाई म्हणाली. "कुणीच बघितलं नाही का हे? तू डावरी आहेस?"

"नाही," मुलगी म्हणाली.

बाईने माझ्याकडे बघितलं. "लहानपणी होती का?"

आता हे सांगायला हवं. ती तीन वर्षांची होती तेव्हा चमचा डाव्या हातात धरायची. खडू डाव्या हातात. पुण्याला गेलो तेव्हा देवासमोर प्रसादाला डावा हात पुढे केला आणि बायका हसल्या. हसल्याच फक्त, वाईट कुणी काही बोललं नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. जर्मन बायको केली, त्याचं हे बघा, पोरीला जेवायचा हातही शिकवला नाही, असं सगळे मनात म्हणत असतील असं मला वाटलं. येनाला परत आल्यावर मी तिच्या डाव्या हाताला जेवताना मोजा बांधायला सुरुवात केली. मनगटाशी दोरीने. चित्रं काढतानाही. ती दाताने गाठ सोडायची आणि मी परत बांधायचो. बायको भांडली, किंडरगार्टनच्या बाई बोलावून बोलल्या, की असं करू नका, आता असं कुणी करत नाही. मी कुणाचं ऐकतोय? सहा महिन्यांत ती उजव्या हाताने जेवू लागली, लिहू लागली. मी पुण्याला फोन करून सांगितलं. एक ओपाच काय ते माझ्या बाजूचे होते. त्यांच्या पिढीत उजव्या हाताला 'सुंदर हात' म्हणत, आणि ते नातीला भेटले की "सुंदर हात दे" म्हणायचे. आयुष्यात आमचं दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर जमलं.

हे सगळं त्या दुकानात एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं. आणि ओढ्याच्या काठी पडलेलं ते हरीण मी कधी पाहिलं नव्हतं तरी दिसलं. तो पाय तिने नव्हता उडवला. तो मी उडवला होता, चौदा वर्षांपूर्वी, जेवणाच्या टेबलाशी बसून.

मी म्हणालो, "नाही. पहिल्यापासून सगळं उजव्याच हाताने. आमच्याकडे कुणीच डावरं नाही."

मुलगी शेजारी उभी होती आणि तिने मान डोलावली. बापावर विश्वास ठेवला. बाईने खांदे उडवले. असं असतं काही जणांचं, म्हणाली, हात एक आणि डोळा दुसरा. नेमबाजीच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टी लावून सराव कर, उजवा डोळा शिकेल. मग मुलीने त्या तीनपैकी मधली बंदूक निवडली. दस्त्याचं लाकूडही निवडलं, अक्रोडाचं, फार लाल नाही असं. बाईने कागदावर लिहून घेतलं आणि सरावाला तशीच एक वापरलेली बंदूक ओपांना देईन म्हणाली.

परत येताना गाडीत ती बोलली. आपण होऊन. जंगलाबद्दल, पहाटे मचाणावर थंडी कशी असते त्याबद्दल, ओपा कसे घोरतात आणि हरणं पळून जातात त्याबद्दल. मी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. स्टेशनवर उतरताना म्हणाली, "डांके, बाबा." तीन वर्षांत पहिल्यांदा मला हसताना दिसली. मी गाडीत बसून राहिलो. खोटं बोलून मिळालं होतं, पण मिळालं होतं, आणि सोडायची माझी तयारी नव्हती.

पुढचे दोन आठवडे मी स्वतःला फसवत काढले. चिकटपट्टीने होईल, सरावाने होईल. इतकी वर्षं उजव्या हाताने सगळं केलं, डोळाही शिकेल. कारखान्यात एक भिंग हातात घेऊन मी अर्धा तास नुसता बसलो होतो, शेजारच्याने विचारलं बरं वाटत नाही का. नाही म्हणालो. ते खरं होतं.

तिसऱ्या शनिवारी तिनेच मला शूटिंग रेंजवर बोलावलं. बोलावलं, हे लक्षात घ्या. येनाला ती येणार नव्हती, मी तिकडे जायचं होतं. ओपा होते, हिरवी टोपी घातलेले. तीन वर्षांनी समोरासमोर भेटलो आणि त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं आता सगळं मार्गी लागतंय.

शंभर मीटरवर कागदाचं हरीण लावलेलं. मुलीने चष्म्याच्या काचेला पट्टी लावली, उजव्या खांद्याला बंदूक, गाल टेकला. पाच गोळ्या. ओपांनी दुर्बिणीतून बघितलं. दोन कागदाच्या हरणाला लागल्याच नव्हत्या, एक मांडीला, दोन पोटात. "श्वास सोड, मग चाप," ओपा म्हणाले. आणखी पाच. त्याहून वाईट. ती पट्टीच्या मागच्या डोळ्याची सारखी उघडझाप करत होती, मला बाजूने दिसत होतं. आणखी पाच. मग तिने बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करायचा दांडा, उघडला, बंदूक रिकामी केली आणि टेबलावर ठेवली.

"मी परवाना परत देते," ती म्हणाली. "सोमवारी जाऊन देऊन येते. मला हे जमत नाही. कधीच जमणार नाही. मी पुन्हा कुणाला तीन पायांवर पळायला लावणार नाही." ती ओरडून बोलत नव्हती. एखादी गोष्ट संपली की आपण कशी सांगतो, तसं सांगत होती. मग ओपांकडे वळून म्हणाली, "सॉरी, ओपा." तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. सतरा वर्षांच्या पोरीचा चेहरा असा म्हातारा होऊ नये.

मी तिथे बाकावर बसलो होतो. आणि देवाशप्पथ खरं सांगतो, मनाच्या एका कोपऱ्यात मला बरं वाटलं. ती शिकार सोडणार. इतके दिवस मला हवं होतं ते झालं होतं, तेही माझ्यावर न येता. गप्प बसलो असतो तर मुलगी माझी राहिली असती, रायफलबिफल काही लागलं नसतं, आणि मी तिला जवळ घेऊन म्हणालो असतो, जाऊ दे बाळा. जन्मभर जिथे गप्प बसायला हवं तिथे मी बोललो. आणि नेमकं आता गप्प बसणं माझ्या फायद्याचं होतं.

"तू डावरी होतीस," मी म्हणालो. मराठीत.

तिने वळून बघितलं.

"तुझं काही चुकत नाहीये. तू जन्माची डावरी आहेस. मी तुझा हात बांधून ठेवायचो. तीन वर्षांची होतीस. मोजा बांधायचो."

ती म्हणाली, "जर्मनमध्ये सांग. ओपांनाही ऐकू दे."

मी जर्मनमध्ये सांगितलं. मराठीत निदान 'गं', 'बाळा' असं काहीतरी लावून बोलता येतं. जर्मनमध्ये मला फक्त सरळ वाक्यं येतात. मी तिचा हात बांधला. मोज्यात. दोरीने. सहा महिने. ती सोडायची, मी पुन्हा बांधायचो. तिची आई नको म्हणत होती.

ओपांनी टोपी काढली. "मीही तिला 'सुंदर हात दे' म्हणायचो," ते म्हणाले. "पण मी बांधला नव्हता."

मुलगी माझ्याकडे बघत होती. "दुकानात त्या बाईने विचारलं तेव्हा तुला हे आठवत होतं?"

"हो."

"मग नाही का म्हणालास?"

"तू जाशील म्हणून."

तिने चष्म्यावरची पट्टी खरडून काढली. बंदूक उचलली आणि डाव्या खांद्याला लावली. बोल्ट उजव्या बाजूला, तिला हात पलीकडे नेऊन तो ओढावा लागत होता, आणि दर वेळी ती अडखळत होती. पण गाल टेकला तो सरळ टेकला. मान वाकडी झाली नाही. पाच गोळ्या झाडल्या, सावकाश. ओपांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बाजूला होऊन तिला बघायला दिलं, मग मला. पाचही छातीवर, एका तळहाताखाली झाकतील एवढ्यात.

मला वाटलं ती आनंदाने उडी मारेल. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिली. मग मान वर न करता तिने विचारलं, "आणखी काय काय बदललंस माझ्यात?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

ते खरं होतं. त्याच्याइतकं खरं उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलेलं नाही, आणि त्याच्याइतकं भयंकरही. ती उठून ओपांच्या गाडीत जाऊन बसली. ओपांनी मला रस्ता सांगितला, हायवेला कुठून वळायचं ते, जसा आलेल्या पाहुण्याला सांगतात.

चौथ्या शनिवारी सकाळी तिचा एसएमएस आला. येणार नाही, ओपांबरोबर बंदूक बदलून सांगायला जातेय, डाव्या बोल्टची बनवायला सांगणार. बाई म्हणे दोन्ही बनवते. मी लिहिलं, मी येऊ का? उत्तर आलं, न्यो. पाचव्या शनिवारी एसएमएससुद्धा आला नाही. मी स्टेशनवर जाऊन उभा राहिलो. अकराची गाडी आली, बाराची आली, एकची आली. मग मला माझीच लाज वाटली आणि घरी आलो.

वाढदिवसाला मी फोन केला, तिच्या आईने उचलला. "ती बाहेर आहे," म्हणाली. मग एकदम वेगळ्या आवाजात, "तू तिला सांगितलंस हे बरं केलंस. मी सांगू शकत होते. चौदा वर्षं मी सांगू शकत होते." आमच्यात आता भांडायला काही उरलं नव्हतं.

त्यानंतरच्या शनिवारी कुठलाही कागद नव्हता. दुपारी दोनच्या सुमाराला फोन वाजला. ओपा.

"सकाळी तिने एक नर मारला," ते म्हणाले. "नव्या बंदुकीने. जागेवर पडला. पाऊलसुद्धा टाकलं नाही. तुला कळव म्हणाली."

मी उभा होतो तो खाली बसलो. "ती कुठे आहे?"

"इथेच आहे. बोलायचं नाही म्हणते." मग फोनवर काहीतरी घासल्यासारखा आवाज झाला, कुणीतरी दबक्या आवाजात काहीतरी म्हणालं, आणि ओपांच्या जागी दुसराच श्वास ऐकू आला.

माझ्या तोंडाशी सगळं एकदम आलं. काही खाल्लंस का, बंदूक नीट पुसून ठेव, ओपांना दमवू नकोस, पुढच्या शनिवारी ये. सगळे हुकूम. इतकी वर्षं हुकूम सोडले की दुसरं काही तोंडात राहतच नाही. मी दात आवळून बसलो. मी एक शब्द बोललो नाही, आणि तिनेही फोन ठेवला नाही.

"त्याला काही कळलंसुद्धा नाही, बाबा," शेवटी ती म्हणाली.

मग फोन बंद झाला. अंड्याला न शिवणारा मी माणूस, एक हरीण जागच्या जागी मेलं म्हणून जमिनीवर बसून हमसाहमशी रडलो. याला आता दोन वर्षं होतील. त्यानंतर मी तिचा आवाज ऐकलेला नाही.